आत्याची हरकत

आमच्या मोठ्या आत्याला वाचता येत नव्हतं, पण तिच्यासमोर वाचणाऱ्याची काही खैर नव्हती. लग्नपत्रिका असो की दवाखान्याची चिठ्ठी, ती मोठ्यानं वाचायला लावायची आणि मध्येच म्हणायची, "थांब. हे पुन्हा वाच." पूर्वी एकदा भावांनी 'बँकेचं काम आहे' सांगून तिचा अंगठा घेतला आणि तो कागद हक्कसोडीचा निघाला. माहेरच्या जमिनीतून तिचं नाव गेलं. ती भांडली नाही. "म्या इचारलं न्हाई, माझीच चूक," एवढंच म्हणाली. तेव्हापासूनची ही सवय.

मग आमचे मस्कतचे काका तिकडेच वारले. तिथं त्यांनी फिलिपिन्सच्या एका नर्सशी रीतसर लग्न केलं होतं, सात वर्षांची मुलगी होती. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. आत्या मात्र त्या भावजयीशी फोनवर बोलायची. दोघींची एकही भाषा जुळत नव्हती, तरी अर्धा तास सहज जायचा.

काकांच्या सहा एकरांवर वारस लावताना माझ्या वडिलांनी, दादांनी, अर्जात त्यांना अविवाहित लिहायला लावलं. म्हणजे जमीन भावाबहिणींत येणार. अंगठ्यासाठी आम्ही भोकरदनहून जाफराबादला आत्याकडे गेलो.

"आता तुझं बी नाव लागून राह्यलं, अक्का," दादा म्हणाले.

आत्यानं अर्ज मला वाचायला लावला. तो माझ्याच अक्षरात होता, तरी 'अविवाहित'शी मी अडखळले.

"पुन्हा वाच."

मी वाचलं. तिनं शाईचं पॅड झाकलं. "माझ्या भावाची लेक जिती हाय. तिला कागदावर मारून मला जमीन नको."

"माहेर तुटंल बरं."

"अंगठा दिला म्हून टिकतं, असलं माहेर मला बिलकुल नको."

दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं जीपनं जाऊन तलाठ्याकडे हरकत नोंदवली. कुणाकडून तरी इंग्रजीत निरोप लिहवून भावजयीकडून लग्नाचे आणि मुलीच्या जन्माचे दाखले वकिलातीच्या शिक्क्यानिशी मागवले. तहसीलला चार तारखा झाल्या. साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्हाला यात काय मिळणार?"

"मला काय मिळून राह्यलं ते इचारू नका, साहेब. कुणाचं जाऊन राह्यलं ते वाचा."

सातबाऱ्यावर मायलेकींची नावं लागली. मला दादांची लाज वाटली आणि स्वतःची त्याहून जास्त.

दादांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तरी भाऊबीजेला ती पहिल्या एसटीनं यायची. दादा आतल्या खोलीतून बाहेर येत नसत. ती ओवाळणीचं ताट घेऊन ओट्यावर तासभर बसायची, मग मला म्हणायची, "त्याला सांग, अक्का येऊन गेल्ती." आणि ताठ मानेनं स्टँडकडे निघायची. अशी चार वर्षं.

यंदा श्रावणात आत्या गेली. भाऊबीजेला दादा सकाळीच अंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर येऊन बसले, स्टँडच्या रस्त्याकडे तोंड करून. दुपार कलली. आई मला म्हणाली, "जेवायला बोलाव त्यांना."

मी नाही बोलावलं.