सहाही तारा एकदम

साडीची नीट घडी घालणं आणि दादाच्या गिटारीच्या तारा बदलणं, ही दोन कामं एकट्या माणसाची नव्हेत. साडीचं दुसरं टोक दाराच्या कडीत अडकवायला मी शिकले होते. गिटारीचं तसं काही जमलं नव्हतं, कारण दादा परदेशी गेल्यापासून तीन वर्षांत मी तारा बदललेल्याच नव्हत्या.

खांदा कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत आधी आम्ही दोघं बहीणभाऊ राहायचो. आईबाबा गेलेले. दादाने पहिल्या नोकरीत ही इलेक्ट्रिक गिटार जुनी विकत घेतली. तिचा पूल, म्हणजे तारा जिथे बसवतात तो लोखंडी भाग, हलता होता. पुढून सहा तारा त्याला ओढायच्या, मागून गिटारीच्या पोटातल्या स्प्रिंगा ओढायच्या आणि त्या ओढाताणीत तो सरळ राहायचा. पुलाला एक दांडी होती. ती दाबली की सूर हेलकावायचा. वर गळ्यापाशी तारा पान्याने आवळून कुलूपबंद करायच्या. तारा बदलायच्या म्हणजे मी तळहाताने दांडी दाबून पूल सरळ धरायचा आणि दादाने पाना चालवायचा. "दाब. अजून. हां, आता श्वास घेऊ नकोस." मी खरंच घ्यायची नाही. मला वाजवता येत नव्हतं, पण दांडी दाबण्यात माझा हात धरणारं अख्ख्या पनवेलात कोणी नव्हतं.

मग दादा मस्कतला गेला, पुण्याच्या मुलीशी लग्न झालं, तीही तिकडे गेली. पत्रं आधी पंधरवड्याला यायची, मग सणावारी. त्या वर्षी एक जाडजूड पत्र आलं. दसऱ्याला येतो आहे, गिटार तयार ठेव. सोबत नव्या तारांचं पाकीट आणि सूचना: 'एकटी असशील तर एक काढ, एक लाव. सगळ्या एकदम काढू नकोस.' किती दिवस राहणार ते लिहिलं नव्हतं. मी आपलं मनातल्या मनात दिवाळीपर्यंत धरून टाकलं. गिटार वाजती असली तर तो रमेल, रमला तर राहील. एवढा सरळ हिशोब.

दादाचा पाना गंजून गेला होता. मी तेव्हा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे टायपिस्ट होते. खंडेनवमीला तिथे वजनकाट्यापासून माझ्या टाइपरायटरपर्यंत सगळ्यांना पुसूनबिसून हळदकुंकू लागायचं. गोदाम सांभाळणारे काका जवळच्या विचुंबे गावचे. त्यांच्याकडे मी बारीकसा सहाकोनी पाना मागितला.

"कंच्या मशीनला पायजे, ताई?"

"गिटारीला."

"गिटारीला पाना लागतो? मंग ती पन मशीनच हाय. सगली खोला, पुसा, मंग पूजा करा. वरवर फडका मारलेली पूजा देवाला लागत नाय."

मला हे फारच पटलं. दुपारी पाना आणि झेंडू घेऊन घरी आले, गिटार मांडीवर घेतली आणि मनाशी म्हटलं, जुन्या गंजक्या तारा अंगावर ठेवून कसली आलीय पूजा? सहाही काढल्या. शेवटची सुटली तशी पोटातल्या स्प्रिंगांनी पूल खाडकन मागे ओढून पाडला. मी हातात झेंडू धरून बघत बसले. शहाणपण सुचतं ते असं.

पुढचे तीन तास मी जी शोभा करून घेतली ती बघायला सुदैवाने कोणी नव्हतं. एक तार लावून सुरात आणावी, तर दुसरी आवळली की पहिली उतरे. डाव्या हाताने दांडी दाबली तर पाना उजव्यात येई आणि तार धरायला तिसरा हात नसे. शेजारच्या वहिनींना हाक मारता आली असती. नाही मारली. ती दांडी परक्या कोणी दाबलेली मला खपली नसती, आणि शिवाय रडून माझं नाक लाल झालं होतं. मला दादाची इतकी आठवण आली की त्याचा रागच आला.

शेवटी वाळत घालायच्या दोरीवरचा लाकडी चिमटा मोडला. गिटारीचं मागचं झाकण काढून त्याची एक फाक पुलाच्या फटीत खोचली, म्हणजे पूल मागे पडेना. जरा सैल होती, म्हणून दादाचं पत्र घडी घालून तिच्याबरोबर दडपलं. मग तारा एकेक करून सुरात बसल्या. चिमटा काढायचा धीर काही झाला नाही. तसंच झाकण लावलं आणि दिवेलागणीला झेंडू वाहिला.

दसऱ्याला दादा अकरा वाजता आला. हातात एवढीशी बॅग. ती बघूनच मला कळायला हवं होतं. जेवता जेवता म्हणाला, पाचच्या एसटीने पुण्याला जायचंय, सासरी, तिथूनच परत मस्कत. मी त्याला आणखी श्रीखंड वाढलं.

जेवणानंतर त्याने गिटार घेतली. पाच मिनिटं वाजवून बोटं चोळायला लागला. "मऊ पडली गं बोटं." मग दांडी वर उचलून पाहिली. "आत काहीतरी अडकलंय." झाकण उघडलं. अर्धा चिमटा निघाला आणि त्याचं स्वतःचंच पत्र निघालं.

"हे काय?"

"दांडी धरायला कोणी नव्हतं," मी म्हणाले.

तो हसेल असं मला वाटलं होतं.  पण त्याने पत्राची घडी होती तशीच घातली.

"राहू दे हे आतच," तो म्हणाला. "पुढच्या वेळीही तुलाच बदलायच्यात." फट उघडायला दांडी दाबावी लागते. त्याने सवयीने मान वर न करता म्हटलं, "दाब जरा."

मी दाबली. श्वास रोखून धरला. चिमटा बसला. दादा "सोड" म्हणाला, मग परत एकदा म्हणाला, पण माझा हात काही दांडीवरून उचलेना.