स्मार्ट बोर्डाची पूजा

मलकापूरच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या वर्गात स्मार्ट बोर्ड आला तो जुन्या फळ्यावरच ठोकला. उद्घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांनी नारळ फोडला, ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि थेट काचेवर स्वस्तिक काढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी फडकं घेऊन पुसायला गेलो तर प्राचार्यांनी हात धरला. "शुभ असते ते, पुसू नोका. अन् तपासणीची कमिटी येऊन जाऊ द्या, तवर वापरू बी नोका." बोर्डावर प्लास्टिक चढलं.

कमिटी आली. प्लास्टिक निघालं, बोर्डासमोर फोटो झाले, पंगत झाली. हात पुसता पुसता त्यांनी आमच्या डिजिटल अध्यापनाचं कौतुक केलं. त्यांची पाठ वळताच प्लास्टिक परत चढलं, ते आजही तसंच आहे.

एका मुलीने विचारलं, "सर, मंग आता लिहाचं कुठी?"

मी वर्गाचं दार लावलं आणि आतल्या बाजूने खडूने समीकरण लिहिलं. उशिरा आलेला पोरगा दार ढकलून आत आला की समीकरण भिंतीकडे जायचं.

आठवडाभरात दार घाण केल्याबद्दल मला मेमो आला. तो मात्र ईमेलने आला.