कावेरीकाठची झोप

रजेचा अर्ज मी लिहिलाच नव्हता. तो मेट्रनबाईंनी लिहिला आणि माझ्यापुढे सहीला ठेवला. साठच्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या एका इस्पितळात मी नर्स होते. घरी दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्या सकाळी एका पेशंटच्या तोंडात थर्मामीटर देऊन मी उभ्या उभ्याच डुलकी घेतली होती.

"दहा दिवस इथे दिसू नकोस," बाई म्हणाल्या.

घरी हे म्हणाले, "तंजावरला कमलाकडे जाऊन ये. आईचं मी बघतो."

कमला माझी नर्सिंगच्या वर्गातली मैत्रीण, तंजावरच्या मराठी घरातली. ह्यांना सासूबाईंचं काही जमेल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. औषधांच्या वेळा चार कागदांवर लिहिल्या, केस विंचरायची पद्धतसुद्धा लिहिली आणि निघाले.

पुण्याहून मद्रास मेल, मग मद्रासला स्टेशन बदलून छोट्या रुळांची गाडी. तिसऱ्या वर्गात खिडकी मिळाली तर सोडू नका. कुंभकोणम गेलं, पापनाशम आलं, आणि दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरं सुरू झाली, ती तंजावरपर्यंत संपलीच नाहीत.

कमलाचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. दारात तमिळ, आत मराठी, आणि त्या मराठीलाही तमिळ हेल. तिचे सासरे अर्धांगानं खुर्चीला खिळलेले होते, पण आवाज खणखणीत. मला बघून म्हणाले, "यावें, बसावें. जेवण जाहलें कीं नाहीं?" असं मराठी मी फक्त जुन्या पोथीत वाचलं होतं.

कमलाची नोकरी, दोन मुली, सासरे. नवरा पापनाशमच्या कचेरीत, सकाळच्या गाडीनं जाणारा. म्हणजे माझंच घर! दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी तिची भांडी घासायला बसले.

"अगं, तू पाहुणी ना?" कमला म्हणाली.

"हात रिकामे राहिले की मला घाबरल्यासारखं होतं," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं.

तिनं माझ्या हातातली राख काढून घेतली आणि मला मोठ्या देवळात पाठवलं. तुम्ही गेलात तर सकाळीच जा. नंतर फरशी पायांना चटके देते. कोवळ्या उन्हात ते शिखर मधासारखं दिसत होतं. एवढा दगड माणसांनी इतक्या उंच नेला कसा, या विचारानं मी मान वर करून कितीतरी वेळ उभी राहिले. तरी मनात सासूबाईंच्या दहाच्या गोळीची वेळ झाली होतीच.

शनिवारी कमला तिरुवैयारूला गाणं शिकायला जायची. अकरा वर्षं, दर शनिवारी. त्या दिवशी सासऱ्यांचं अंग कोमट लागलं.

मी म्हटलं, "आज राहू दे. ताप आहे त्यांना."

"नव्व्याण्णव आहे. नर्स मीही आहे." तिनं सासऱ्यांना विचारलं, "मामंजी, जाऊं?"

"जाऊनु ये. शेजारची अक्का बसते माझ्याजवळ. मी कोठें पळतों?"

बसचं भाडं किरकोळ, वाटेत पुलांमागून पूल. मी मात्र धुमसत होते. हिच्या जिवाला काहीच कसं वाटत नाही?

गाण्याच्या बाई काठावरच राहायच्या. मी ओसरीवर बसले. आत कमला गात होती आणि खरं सांगते, वाईट गात होती. तीच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होती आणि पुन्हा पुन्हा हसत होती. समोर कावेरी रुंद, संथ. खांबाला टेकले एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा डोक्याखाली उशी होती आणि ऊन पायांवरून सरकून गेलं होतं. तीन तास! परतीची बस कधीच गेली होती.

"उठवलं का नाहीस? तुझे सासरे..."

"कोणीतरी बघतंय त्यांच्याकडे," कमला शांतपणे म्हणाली. "फक्त ती कोणीतरी मी नाही."

पुढच्या बसनं घरी पोचलो तर मामंजी अक्काच्या हातची कॉफी पीत होते. ताप उतरलेला. कमला त्यांच्या पायांशी बसली आणि दिवसभर चुकलेली ती ओळ तिनं पुन्हा गायली. तशीच, चुकीची. ते डोळे मिटून बोटांनी ताल धरत होते. दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून मला माझ्या धुमसण्याची लाज वाटली.

उरलेले दिवस मी नुसती हिंडले. सरस्वती महालात जुन्या पोथ्या पाहिल्या, गल्लीत केळीच्या पानावर जेवले, दुपारी झोपले. तंजावरनं मला कशाचीच घाई करू दिली नाही.

पुण्याला घरी आले तेव्हा सासूबाईंचा भांग वाकडा पाडलेला होता. माझा हात आपोआप फणीकडे गेला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यानंच पाडलाय. रोज तासभर लागायचा त्याला. तेवढा वेळ बोलत बसायचा. लहानपणानंतर इतकं कधी बोलला नव्हता गं माझ्याशी."

मी फणी खाली ठेवली. सहा वर्षं मी त्यांचं सगळं एकटीनं केलं, याचा मला केवढा अभिमान होता. त्या सहा वर्षांत मायलेकांच्या मधोमध मीच उभी आहे, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी खुर्ची ओढली, आईच्या उशाशी बसले आणि केस सोडवू लागले. मी दार अलगद लोटून घेतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.