गळकं भांडं

नव्वदच्या सुमारास मी पनवेलच्या एका छापखान्यात होतो. झिजलेली शिशाची अक्षरं वितळवायचं आमचं लोखंडी भांडं बुडातून गळायचं. दोनदा वेल्डिंग करून झालं. तिसऱ्यांदा गळलं आणि तापलेलं शिसं माझ्या पायावर सांडलं, तेव्हा मालक म्हणाले, “टाका भंगारात.”

भंगारवाल्याकडे एक म्हातारा कोळी उभा होता. त्याला जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या ओतायला भांडं हवं होतं. आमचं भांडं उन्हाकडे धरून त्याने भोकातून आरपार पाहिलं आणि खूश झाला.

“आजोबा, गळकं आहे ते.”

“म्हनून तर घेतो. खाडीवर या, दाखवतो.”

रविवारी लंगडत गेलो. त्याने भोक कानशीने गोल केलं होतं आणि त्यात एक सळई उभी बसवली होती. तापलेल्या शिशात त्याने माडाच्या झापाची काडी बुडवली. ती तांबूस होऊन वर आली, म्हणजे ताव बरोबर होता, तसा साचा खाली सरकवून त्याने सळई बोटभर उचलली. बुडातून आरशासारखी धार पडली. सळई सोडली, धार थांबली. एक थेंब बाहेर नाही.

आम्ही वरून पळीने ओतायचो, दर वेळी मळ काढत.

तो म्हणाला, “मल वर तरंगतो, बाबा. चोख शिसं बुडाशी. भांड्याला ते ठावं होतं, तुमी त्याचं तोंड दाबीत होता.”

त्याचं नाव विचारायचं राहिलं. दोनदा ते भोक बुजवणारा मीच, हे मात्र त्याला मुद्दामच सांगितलं नाही.