व्याह्यांनी पाहिलेली माझी झोप

माझं घोरणं ऑपरेशनने कायमचं बरं झालं, असं अख्ख्या पंचवटीत एकच माणूस मानत होता. तो मी.

ऑपरेशन झालं तेव्हा आमच्याकडे फोनसुद्धा नव्हता. डॉक्टरांनी पडजीभ आणि टाळूचा थोडा भाग कापला, पंधरवडाभर मी पेजेवर काढला आणि घर शांत झालं. (घाईत चहा प्यायलो की तो नाकातून परत येई, पण एवढं चालायचंच!) भेटेल त्याला मी ऑपरेशनचा सल्ला देऊ लागलो. न मागता.

दोनेक वर्षांनी ही म्हणाली, "अहो, परत सुरू झालंय तुमचं."

"शक्यच नाही. तुला भास होतोय."

ती रोजच म्हणू लागली, तेव्हा मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. तरी मी माझा हेका सोडला नाही, आणि तिने बोलणं सोडलं.

अशी काही वर्षं गेली आणि एक दिवस आमचे त्र्यंबकचे व्याही आले, मुलीचे सासरे. त्यांच्याकडे पूजेला येणारे यजमान घरीच मुक्कामाला असत. व्याह्यांच्या घोरण्याने जागे राहून बिचारे सकाळी संकल्प सोडतानाच पेंगत. काहींनी तर शेजारचे गुरुजी गाठले होते.

"व्याहीबुवा, डॉक्टर म्हणतात कापू या," ते म्हणाले. "पण जमीन घ्यायची तरी मी आधी शेजारच्या विहिरीचं पाणी बघतो. तुमचं पाणी दाखवा."

"म्हणजे?"

"जेवण झालं की झोपा. मी बसतो खुर्चीत."

आतून मी जरा टरकलोच. ठरवलं, नुसते डोळे मिटून पडायचं. पण हिने नेमकं श्रीखंड केलं होतं. (चौथ्या वाटीला मी 'नको' म्हणालो, पण फार हळू.)

जागा झालो तेव्हा व्याही समोर चहा पीत होते. हिने माझाही कप पुढे केला.

"काय, पटलं ना?" मी विचारलं.

"अगदी पटलं. उद्याच डॉक्टरांना 'नाही' कळवतो. मघाशी समोरचा भाजीवाला विचारून गेला, पाण्याची मोटर बिघडली का म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिच्याकडे वळून म्हणालो, "अगं, मग मला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं. तुम्ही माझे कान तपासून आणलेत."

व्याही विचारात पडले. "मी घोरतो, तुम्हीही घोरता. मग ऑपरेशनने नक्की फरक काय पडला?"

उत्तर द्यायला मी घाईघाईने चहाचा घोट गिळला, आणि फरक नाकातून बाहेर आला.