नरहरबाबूंचं टेबल आणि अकराचा बॅकअप

आर्णीतल्या त्या जुन्या शाळेचं छप्पर दोनदा बदललं, मुख्याध्यापक पाच बदलले, पण दाखल-खारीज रजिस्टरांच्या खोलीतले नरहर पिंपळकर बाबू काही बदलले नाहीत. बत्तीस वर्षं तोच बाबू, तीच खुर्ची आणि खुर्चीवर तीच उशी. उशीतला कापूस तेवढा मध्ये एकदा बदलला होता, तोही बायकोने, सुनीतीबाईंनी, घरून नवीन आणून दिला म्हणून.

या खोलीत एकूण बेचाळीस रजिस्टरं. कोणतं मूल कधी शाळेत आलं, बापाचं नाव काय, जात काय, शाळा कधी सोडली, सगळं त्यात. पूर्वी या रजिस्टरांना वाळवीशिवाय कोणी विचारत नसे. पण जातपडताळणीचे दिवस आले आणि फिकट शाईला सोन्याचा भाव चढला. रोज पंधरा-वीस माणसं खिडकीशी उभी. कोणाला आजोबांची नोंद हवी, कोणाला पणजोबांची. पणजोबा जिवंत असताना त्यांची इतकी चौकशी कोणी केली नसेल.

नरहरबाबूंची एक पद्धत होती. त्यांच्या टेबलावर आठ रजिस्टरं मावत. नववं ठेवलं तर चहाचा कप खाली पडे. म्हणून लोक ज्यांची सारखी विचारणा करत ती आठ रजिस्टरं टेबलावर आणि बाकीची चौतीस लोखंडी कपाटात. कोणी कपाटातलं मागितलं तर ते काढायचं, काम झालं की टेबलावर वरच ठेवायचं, आणि जे बरेच दिवस कोणी मागितलं नाही ते सरकत सरकत तळाशी गेलं की शिपाई धावजी राठोड ते उचलून कपाटात ठेवणार. ही पद्धत त्यांना कोणी शिकवली नव्हती, टेबलानेच शिकवली होती. दहा माणसांतल्या नवांचं काम खुर्चीवरून न उठता होई. लोक म्हणत, बाबूजीच्या डोक्यातच शाळा आहे. नरहरबाबू हे नाकारत, पण फार जोर लावून नाकारत नसत.

मागच्या वर्षी संस्थेने सगळ्या रजिस्टरांच्या पानांचे फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये भरले. एकेक फोटो असा मोठा की शाईच्या डागातले केसही दिसावेत. बाबू आधी बिचकले. माउसचं बटण ते परक्या घराची बेल दाबावी तसं दाबत आणि दाबून झाल्यावर दोन पावलं मागे सरकत. पण महिन्याभरात हात बसला. चौदा नंबरचं रजिस्टर म्हटलं की पापणी लवायच्या आत पान समोर. बाबू खिडकीतल्या माणसांना ते असं दाखवत, जसं काही कॉम्प्युटर त्यांनी स्वतः लहानाचा मोठा केला आहे.

मग वरून आदेश आला. शेजारच्या कोणत्या तरी तालुक्यात एका शाळेच्या कॉम्प्युटरची डिस्क बसली होती, म्हणून आता दररोज संपूर्ण रेकॉर्डची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. बॅकअप. रात्री घ्यावा तर मुख्याध्यापक चारुदत्त देशकर पाच वाजता स्वतःच्या हाताने मेन स्विच पाडून घरी जात. एकदा वायर जळून पोषण आहाराच्या तांदळाची दोन पोती काळी झाली होती, तेव्हापासून त्यांचा विजेवरचा विश्वास उडाला होता. शाळा उघडणार साडेदहाला, आणि बाबूंनी संध्याकाळी हायबरनेटवर झोपवलेला कॉम्प्युटर कालच्या आठवणीसकट उठणार. तेव्हा बॅकअपचा मुहूर्त ठरला सकाळी अकराचा.

आणि तिथून गोंधळ सुरू झाला.

अकरा ते पावणेबारा कॉम्प्युटर रेंगाळे, हे सगळ्यांनी समजून घेतलं. जेवताना माणूसही नीट बोलत नाही. पण पावणेबाराला बॅकअप संपला तरी एक वाजेपर्यंत तो तसाच. जे चौदा नंबरचं पान सकाळी डोळ्याच्या पापणीसारखं उघडायचं, त्यावर आता गोल फिरत राही. खिडकीतला माणूस बाहेर जाऊन चहा पिऊन परत येई, तरी गोल फिरतच.

जो तो आपापलं निदान घेऊन आला. देशकर सरांचं म्हणणं, उष्णता. त्यांनी कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे करायला लावलं. आता खोलीत मशीन गारठलेली आणि माणसं घामाने निथळलेली. धावजीचं म्हणणं, बंद करून चालू करा. ते केलं. मग तर सगळं पहिल्यापासूनच हळू. यवतमाळहून दर गुरुवारी येणाऱ्या कॉम्प्युटरच्या केतकी मॅडमनी व्हायरस शोधला, सापडला नाही. केबल बदलली. झाकण उघडून आत फुंकर मारली, तेव्हा धूळ त्यांच्याच डोळ्यांत गेली. डोळे पुसत त्या म्हणाल्या की डिस्क चांगली आहे, बॅकअपही नीट उतरतो, मग संपल्यावर याला काय होतं ते काही कळून नाही राह्यलं. ज्या बाईला सगळं कळतं तिलाच कळत नाही म्हटल्यावर सगळी शाळा जरा धास्तावली.

पण सगळ्यात मोठा गोंधळ नरहरबाबूंच्या मनात होता, आणि तो त्यांनी कोणाला सांगितला नव्हता. बॅकअप सुरू झाल्यापासून तेही विसरायला लागले होते.

साडेदहाला ठीक. अकरानंतर कोणी एकोणीसशे पन्नासची नोंद मागितली की हात आपोआप टेबलाच्या उजव्या कोपऱ्याकडे जाई, कारण चौदा नंबर वर्षानुवर्षं तिथेच. आणि हाताला लागे भलतंच काहीतरी, तीन नंबर, एकोणीसशे बावीसचं, जे गेल्या कित्येक महिन्यांत कोणी मागितलं नव्हतं. हात डावीकडे, तिथे सात नंबर. मग शोधाशोध, मग घाम, मग खिडकीतली कुजबुज. बसंतीबाई नावाच्या एका म्हातारीला त्यांनी दुसऱ्याच गावच्या माणसाची नात ठरवलं असतं, तिने नाव वाचायला लावलं म्हणून वाचलं.

नरहरबाबूंच्या वडिलांनी, नानाजींनी, गणिताचे मास्तर म्हणून दोन पिढ्या घडवल्या, आणि शेवटची चार वर्षं ते रोज मुलाला विचारत, आपण कोणत्या गावचे? आता आपली पाळी, असं बाबूंना वाटे. ते अंघोळीला बसले की एकोणिसाचा पाढा म्हणून पाहत. दाराबाहेरून सुनीतीबाई विचारत की अहो, पाढे कायले म्हणून राह्यले? बाबू सांगत, अंग घासतो तेवढ्यात. शेवटी त्यांनी एक अर्ज लिहिला. स्मरणशक्ती क्षीण झाल्याने रजिस्टर खोलीचा चार्ज दुसऱ्याकडे सोपवावा, ही विनंती. निवृत्तीला चौदा महिने होते. तारखेची जागा कोरी ठेवून त्यांनी तो ड्रॉवरमध्ये सारला. रोज सकाळी तो दिसे, आणि अर्ज कुठे ठेवला हे आठवतं म्हणून जरा बरं वाटे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखी नव्हतीच. मशीन सगळ्या रजिस्टरांची प्रत उतरवते आहे, पण खरी रजिस्टरं जागेवर आहेत की नाहीत हे कोण पाहणार? बाबूंचा मशीनवर जीव होता, भरवसा नव्हता. म्हणून बरोबर अकराला माउस दाबून झाला की ते धावजीला हाक मारत. धावजी कपाटातून एकेक रजिस्टर आणी. बाबू ते उघडत, वाळवी पाहत, पेन्सिलने खूण करत आणि टेबलावर ठेवत. त्यावर दुसरं. टेबल भरलं की तळातलं धावजी कपाटात नेई. बेचाळीसच्या बेचाळीस, रोज. कर्तव्य म्हणून.

एका गुरुवारी पावणेबाराला खेमसिंग जाधव आला. तांड्यावरून फटफटीने, मानेवर दुपट्टा, हातात प्लास्टिकची पिशवी. पोरगी अपेक्षा नर्सिंगला लागणार होती, कमिटीला आजोबाची शाळेची नोंद हवी होती, आणि कागद देण्याची शेवटची तारीख उद्या. बाबूंनी माउस दाबला. गोल फिरायला लागलं. बाबूंचा हात कोपऱ्याकडे गेला. हाताला लागलं अडतीस नंबर. त्यांनी ते तरी उलटून पाहिलं, जसं काही आजोबा चुकून तिथे जाऊन बसले असतील.

खेमसिंग शांतपणे म्हणाला, “बाबूजी, मांगच्या साली माह्या भावाले तुम्ही पाच मिनटात देल्ली होती. आमचे बुढे एकच हायेत ना बाप्पा.”

यात टोमणा किती आणि काळजी किती हे कळायला मार्ग नव्हता. बाबूंनी त्याला चहा घेऊन यायला सांगितलं. मग ड्रॉवर उघडला, अर्ज काढला आणि कॉम्प्युटरपाशी डोळे बारीक करून बसलेल्या केतकी मॅडमच्या समोर ठेवला.

“मॅडम, हे सरांना तुम्हीच द्या. मशीनचं काही नाही. बिघडलो मी आहे.”

मॅडमनी अर्ज वाचला. दोनदा वाचला. मग विचारलं की हे कधी होतं? बाबू म्हणाले, अकरानंतर. सकाळी सगळं आठवतं. एकनंतर पुन्हा आठवायला लागतं.

“काका, माणूस रोज अकरा वाजता म्हातारा होऊन दुपारी परत तरुण होते का?”

बाबूंनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. नानाजींचं असं होत असे की नाही, हे त्यांना आठवेना, आणि त्यामुळे ते आणखी घाबरले. तेवढ्यात धावजी बेचाळीस नंबरचं रजिस्टर घेऊन आला, ते ढिगावर ठेवलं, तळातलं उपसलं आणि कपाटाकडे निघाला. आता टेबलावर पस्तीस ते बेचाळीस, अगदी अलीकडची रजिस्टरं. ज्यांची नोंद त्यात आहे ती पोरं अजून समोरच्या पटांगणात कबड्डी खेळत होती.

“धावजीभाऊ, हे काय करून राह्यले तुम्ही?” मॅडमनी विचारलं.

“बाबूजीचा बॅकअप,” धावजी म्हणाला. “रोजचाच आहे. माही कंबर गेली.”

केतकी मॅडम टेबलाकडे पाहत राहिल्या. मग कपाटाकडे. मग फिरणाऱ्या गोलाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काहीतरी उमटलं की धावजी कंबर विसरून उभा राहिला.

त्यांनी बाबूंना विचारलं की टेबलावर किती मावतात? आठ. आणि सकाळी कोणती असतात? जी लोक मागतात ती. आणि अकरानंतर? बाबूंनी टेबलावरचे नंबर वाचले, पस्तीस ते बेचाळीस.

मॅडमनी सांगितलं ते असं. कॉम्प्युटरलाही एक टेबल असतं. वाचलेलं पान तो लगेच डिस्कच्या कपाटात परत ठेवत नाही, हाताशी ठेवतो, कारण एकदा मागितलेलं पान लोक पुन्हा मागतात. त्याला कॅश म्हणतात. त्या टेबलावरही मोजकंच मावतं. अकराला बॅकअप सुरू झाला की तो बेचाळीस रजिस्टरांचं पान न् पान वाचतो, आणि बिचाऱ्याला वाटतं, ही सगळीच कोणाला तरी हवी आहेत. म्हणून तो ती टेबलावर रचत जातो आणि चौदा नंबर कपाटात ढकलतो. बॅकअप संपतो, पण टेबल भलत्यांनीच भरलेलं असतं. मग माणसं मागतील तसं एकेक पान पुन्हा कपाटातून आणायचं. एक वाजेपर्यंत टेबल परत जागेवर येतं.

“म्हणजे त्यालाही विसरायचा आजार नाही?” बाबूंनी विचारलं. 

“नाही. आणि तुम्हालाही नाही. तुम्ही दोघांनी नको ते वाचून टेबल भरून ठेवलं आहे.”

नरहरबाबू खुर्चीत बसले. मग उठले. मग कपाटाकडे पाठ करून डोळे मिटले आणि म्हणाले, “धावजी, चौदा नंबर. जाधव, एकावन्न साल, उजवं पान, खालून तिसरी ओळ. शेजारी शाईचा डाग आहे.”

धावजीने काढलं. उजवं पान होतं, डागही होता, पण ओळ खालून चौथी निघाली. बाबूंचा चेहरा पुन्हा पडायला लागला, तेव्हा मॅडम म्हणाल्या की इतक्या वर्षांनी एका ओळीचा फरक पडला तर चालतो. खेमसिंग चहा पिऊन परत आला तेव्हा नक्कल तयार होती. त्याने नकलेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “असं पाह्यजे ना. म्या दुसरा चहा सांगून आलो होतो.”

त्याच दुपारी मॅडमनी कॉम्प्युटरच्या प्रत उतरवण्याच्या आज्ञेच्या शेवटी एक लहानशी खूण जोडली. तिचा अर्थ एवढाच, की पान वाच, उतरव आणि तिथल्या तिथे कपाटात ठेव, टेबलावर आणू नकोस. त्यांनी सरांना असंही सुचवलं की बावीस सालचं पान काही काल बदललेलं नसणार, मग रोज सगळं कशाला उतरवायचं? देशकर सरांनी आदेशाचा कागद काढून ‘संपूर्ण’ या शब्दावर बोट ठेवलं. मॅडमनी तो विषय त्या बोटाखालीच सोडला.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला बॅकअप संपला आणि लगेच चौदा नंबर मागितला गेला. पान पापणीसारखं उघडलं. बाबूही आता वाळवी कपाटापाशी उभ्या उभ्याच पाहतात, रजिस्टर दोन बोटं पुढे ओढायचं, खूण करायची, मागे ढकलायचं. टेबलावर एकही येत नाही. धावजीची कंबर सुधारली. कूलर मात्र अजून कॉम्प्युटरकडेच आहे, कारण उष्णतेची अडचण सोडवल्याचा अहवाल देशकर सरांनी आधीच वर पाठवला होता.

राहता राहिला तो अर्ज. त्या गुरुवारच्या धांदलीत मॅडमनी तो बाबूंना परत दिला होता आणि बाबूंनी तो कोणत्या तरी रजिस्टरात खुपसला होता. पंधरा दिवसांनी त्यांना त्याची आठवण झाली. त्यांनी टेबलावरची आठही रजिस्टरं झटकून पाहिली. मिळाला नाही. छत्तीसमध्ये ठेवला, की अडतीसमध्ये, की एक्केचाळीसमध्ये? काही आठवेना. त्यांनी एकोणिसाचा पाढा मनात सुरू केला आणि एकोणीस चोकवर आपलं आपणच सोडून दिला.

धावजीने विचारलं, “बाबूजी, बेचाळीसच्या बेचाळीस काढू का बाहेर?”

“नको,” नरहरबाबू म्हणाले आणि खिडकीतल्या पुढच्या माणसाकडे वळले. “राहू दे कपाटात. कोणी मागितला तर पाहू.”