आईने वाचलेलं अक्षर

मंडळी, आज सकाळी आमच्या आदिलाबादच्या घरात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी आई कोलकात्याच्या चिनी कुटुंबातली. बाबांची नोकरी तिथे होती, लग्न करून ते तिला इकडे घेऊन आले. लहानपणी ती माझ्याशी तिच्या माहेरच्या हाक्का बोलीत बोलायची. सातवीत असताना मीच तिला म्हटलं, "मैत्रिणींसमोर असं नको बोलू." हळूहळू ती बोलायचीच थांबली.

आता चाळिशीत मी ऑनलाइन चिनी शिकतेय. पण शिकवतात ती मँडरिन, आईला ती फारशी कळत नाही. फार उशीर केला असंच वाटायचं.

आज वहीत एक अक्षर गिरवत होते. आई भाकरी थापता थापता पिठाच्या हातानेच आली, वहीत डोकावली आणि म्हणाली, "का."

"का म्हणजे? अभ्यास करून राह्यले."

ती हसत सुटली. "अगं पोरी, या अक्षराले आमी 'का' म्हणतो. घर!"

आमच्या ऑनलाइन वर्गाच्या बाई त्यालाच मँडरिनमध्ये 'ज्या' म्हणतात. अक्षर तेच, उच्चार वेगळा. मी पुस्तक पुढे सरकवलं. कोलकात्याच्या चिनी शाळेत चारच वर्षं गेलेली आई बोट ठेवून वाचत गेली, मी तिच्यामागे म्हणत गेले.

"आई, तेव्हा मी चुकले," मी म्हटलं.

"लहान होतीस. आता बोल," ती म्हणाली. हाक्कात! आणि मला ते कळलं.

तुमच्या घरात अशी कोणती बोली गप्प बसलीय? आज तिच्यात एखादा प्रश्न विचारून बघाल?